आंबिलात पडलेल्या बाई

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे आणि सध्या माझा मुक्काम ज्वारीच्या डब्यात आहे. हसू नका. आमच्या कळंब तालुक्यातल्या या घरात भिजलेला फोन तांदळात नाही, ज्वारीत पुरतात. इथं गार आहे, अंधार आहे, आणि दाणे असे बिलगून बसलेत की मी जागा आहे की झोपेत, मलाच कळत नाही. अशा वेळी मागचं सगळं डोळ्यांसमोर तरंगायला लागतं. तेच तुम्हाला सांगतो.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. पांढरे दिवे आणि पांढरे हातमोजे, एवढंच. माझा खरा जन्म झाला तो कळंबच्या दुकानात, हर्षालीनं मला उचललं तेव्हा. कॉलेजात होती ती. काय मिरवलं तिनं मला! एकदा एसटीतून उतरताना मी पडलो, कोपऱ्याला तडा गेला, तर पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढं तिचं लग्न झालं, कर्नाटकात, पार सिंदगीकडं. तिला नवा फोन आला आणि मी तिच्या वडलांच्या वाट्याला आलो.

तिचे वडील महांतप्पा, म्हणजे आमचे अप्पा, खव्याची भट्टी चालवतात. कढईपुढं बसायचं आणि दूध हलवत राहायचं, हात थांबला की खवा खाली लागलाच. अशा माणसाला माझं काय कौतुक? मी भिंतीतल्या देवळीत पडून राहिलो. वाजलो तर उचलायचे, नाहीतर तिकडं बघायचेही नाहीत. मनातल्या मनात मी लई रडलो, खोटं कशाला सांगू.

हर्षालीला मुलगी झाली, भैरवी. सासरी सगळे कन्नड बोलतात, म्हणून भैरवीलाही तेवढंच येतं. सासरचा व्याप मोठा, त्यामुळं माहेरी खेप व्हायची ती येळवशीलाच. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी आमच्याकडं अख्खं गाव रानात जेवायला जातं. कडब्याची खोप उभी करतात, पूजा करतात, आणि शेंगाभाज्यांच्या भज्जी-भाकरीबरोबर ताकातली आंबील पोटभर पितात.

गेल्या येळवशीला अप्पांनी नातीपुढं हात पसरले आणि काहीबाही गोड बोलले. तिला एक अक्षर कळेना. मोठ्या मिशांचा माणूस आपल्याला काहीतरी म्हणतोय, एवढंच कळलं आणि तिनं भोकाड पसरलं. ती आईच्या पदराआड राहिली आणि तशीच परत गेली. बस दिसेनाशी झाली तरी अप्पा फाट्यावर उभे होते. मी त्यांच्या वरच्या खिशात होतो. आत काय चाललं होतं ते मलाच ठाऊक.

मग एकदा दूध घालायला आलेला युवराज त्यांना सांगून गेला, की आता फोनवर घरबसल्या काहीही शिकता येतं, कन्नडसुद्धा, आणि फी-बी काही नाही. वयाची तर कुणी चौकशीही करत नाही. झालं! माझे दिवस पालटले.

रोज दुपारी अप्पा हातपाय धुवायचे, टोपी नीट करायचे, कढईखाली जाळ घालायचे आणि मला तेलाच्या रिकाम्या डब्याला टेकवून धगीपासून लांब बसवायचे. माझ्या काचेत धारवाडच्या एक बाई यायच्या. बाई सगळ्यांसाठी एकदाच बोलून गेल्यात, हे अप्पांच्या गावीच नव्हतं. ते बाईंना नमस्कार करायचे. बाईंनी विचारलं की उत्तर द्यायचे. अडलं की, चुकलं बाई, परत सांगा, असं म्हणून बोटानं धडा मागं न्यायचे. बोट खव्याचं, त्यामुळं माझी काच कायम तुपकट. उलथनं फिरायचं आणि त्याच्या तालावर शब्द यायचे: बा म्हणजे ये, एल्लि म्हणजे कुठं, अज्जा म्हणजे आजोबा. दुधाच्या वाफेत बाई तरंगताहेत असं वाटायचं. मी फोन नाहीच, भट्टीच्या भिंतीला पडलेली खिडकी आहे, असं मला वाटून जायचं.

अप्पांची बायको द्वारकाबाई चेष्टा करायच्या, पाटी-पेन्सिल आणून देऊ का म्हणायच्या. पण धडा चालू असला की शेजारणीला त्या ओट्यावरच थोपवून धरायच्या.

यंदाची येळवस आली. आदल्या दिवशी हर्षाली आणि भैरवी उतरल्या. अप्पांनी नातीशी बोलायचं वाक्य चांगलं घोटून ठेवलं होतं. ते ओठांवर आलं आणि तिथंच अडकलं. वर्षभर बाईंशी घडाघडा बोललेला माणूस एवढ्याशा पोरीपुढं मुका झाला! ती पुन्हा पदराआड गेली. दुसऱ्या दिवशी रानात पूजा झाली, पंगत बसली, तरी दोघं गप्पच. एवढी दुपार काय ती हातात होती, कारण उद्या सकाळच्या बसनं भैरवी जाणार होती. अप्पा खोपीमागं गेले, मला बाहेर काढलं आणि हळूच म्हणाले, "बाई, आता तुमीच कायतरी करा."

बाईंनी आपला धडा म्हटला, दुसरं काय करणार? अप्पांनी मला खिशात टाकलं आणि आंबील वाढायला पातेल्यावर वाकले. मी निसटलो. डुबुक!

आंबिलात सगळं पांढरं आणि धूसर होतं. वरचे आवाज फार लांबून यायला लागले. त्यातच मला अप्पांची हाक ऐकू आली, ती चक्क कन्नडमधली.

"नम्म टीचर बिद्दरु!" आमच्या बाई पडल्या.

मग अगदी जवळून बारीक आवाज आला, "एल्लि, अज्जा?" कुठं, आजोबा?

पदराआडून बाहेर येऊन भैरवीनं कोपरापर्यंत हात पातेल्यात घातला आणि मला वर काढलं. अप्पा तिला सांगत सुटले, की यात माझ्या बाई राहतात, तुझ्याशी बोलायला त्यांनीच मला शिकवलं. ते मोडकंतोडकं बोलत होते, ती हसून दुरुस्त करत होती. बोलता बोलता ती त्यांच्या मांडीवर कधी बसली, तिलाही कळलं नाही. अप्पांच्या मिशा भिजल्या होत्या. तेवढं पाहिलं आणि माझे डोळे मिटले.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा तडकलेला फोन पडून असेल. त्याला पुसा आणि घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात द्या. त्यांना काय शिकायचंय ते विचारा. ते चुकले तर हसू नका, शेजारी बसा.

आता माझं ऐका. बाई उठेपर्यंत जायचं नाही म्हणून भैरवी हटून बसलीय, सकाळची बस केव्हाच गेली. ती सारखी डब्याला कान लावते आणि अज्जाला विचारते. अप्पा हळूच म्हणतात, "मलगिद्दारे." झोपल्यात.

मघापासून माझ्या अंगात थोडी धुगधुगी जाणवतेय. पण मी अजून गप्प पडून आहे.