तबक आलं की उठायचं

पाहुण्यांपुढे अत्तराचं तबक आलं की पाहुण्यांनी उठायचं, हे ज्यानं कुणी ठरवलं त्यानं घरातल्या बायकांना विचारलं नव्हतं. मुलगी पाहायला आलेल्यांना मुलीनं तोंडानं नाही म्हणायचं नाही, नको असेल तर तबक लवकर आणायचं, हेही त्यानंच ठरवलं असणार. मोठा शहाणा. त्याला नाव नाही, पत्ता नाही, त्यामुळे त्याला जाब विचारता येत नाही, आणि निझवा गावात अजून त्याचंच चालतं.

नसरा चिमट्यानं एकेक निखारा उचलून धुपाटण्यात ठेवत होती आणि मनातल्या मनात त्या शहाण्याच्या सात पिढ्या काढत होती.

"अगं वेडे, हे काय चाललंय?" तिची वहिनी अफ्रा रिकामी ताटली घेऊन स्वयंपाकघरात आली. "हलवा अर्धाही संपला नाही. निखारे कशाला?"

"पेटले म्हणून."

"कहव्याची एक फेरी झालीय फक्त. आत्ता तबक नेलंस तर आई मला विहिरीत ढकलतील. तुला नाही, मला. तू लेक पडलीस त्यांची."

"तुला पोहता येतं."

अफ्रानं ताटली आपटली. मग तिनं दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "मुलगा बरा आहे गं. बाहेरच्या खोलीत यांच्याशी बोलतोय. मान खाली घालून खजूर खातो. विमानतळावर नोकरी, मस्कतला फ्लॅट. आणखी काय पाहिजे?"

"त्याची आत्या काय म्हणाली, ऐकलं नाहीस?"

अफ्रानं ऐकलं होतं. सगळ्यांनीच ऐकलं होतं. मुलाची आई थुरय्या आल्यापासून गप्प होती, बोलत होती ती मुलाची आत्या शम्सा. आमच्या इद्रीसला वास सोसत नाहीत, शम्सा म्हणाली होती. लिफ्टमध्ये कुणी अत्तर लावून शिरलं तर तो मधल्याच मजल्यावर उतरतो, उरलेले जिने चढून येतो. फ्लॅटमध्ये निखारा पेटवायची सोय नाही, छतावरचं धुराचं यंत्र लगेच बोंबलतं. आणि नसराच्या आईनं घाबरत घाबरत मुलीच्या तेलांचा विषय काढला, तेव्हा शम्सा हसून म्हणाली होती, "राहतील की इथंच, माहेरी. आठवण म्हणून. तिकडे ती कॉम्प्युटर शिकेल."

आठवण म्हणून. माणूस मेल्यावर त्याच्या चपला ठेवतात तशा कुप्या ठेवायच्या.

नसरानं कपाट उघडलं. तेलांना उजेड चालत नाही, म्हणून कपाटाला आतून काळं कापड लावलेलं होतं. बाप गेल्यापासून या घराचा दिवाबत्तीचा खर्च भावाच्या पगारातून कमी आणि या कपाटातून जास्त निघत होता. पण नसराला त्याचं अप्रूप नव्हतं. अप्रूप याचं होतं, की तिनं एखादं तेल महिनोन्महिने मुरवावं, आणि गावातल्या कुठल्या लग्नात गर्दीतून कुणीतरी अनोळखी बाईनं मान वळवून मागे पाहावं. कुणी केलं, तिला माहीत नसावं. तेवढं नसराला पुरत होतं.

तिनं पितळी तबकात चार कुप्या मांडल्या. अफ्रानं तोंड वाकडं करत पाचवी ठेवली, कसल्याशा जुन्या मोज्यात गुंडाळलेली.

"ती नको. ती कच्ची आहे."

"मग सगळंच कच्चं राहू दे," अफ्रा म्हणाली. "तबकसुद्धा कच्चंच नेतेयस तू." आणि तिनंच पुढे होऊन दार उघडलं.

बैठकीत नसराची आई सईदा शम्साच्या ताटलीत हलवा वाढत होती. निखाऱ्यावरच्या लोबानाचा पहिला धूर आत आला आणि तिचा चमचा ताटलीवर तसाच राहिला. हलवा चिवट, त्याची तार लोंबत लोंबत सतरंजीवर आली, तरी तिला कळलं नाही. तिनं लेकीकडे पाहिलं. लेकीनं तबक मधोमध ठेवलं आणि धुपाटणं त्याच्या बाजूला.

शम्सा मूर्ख नव्हती. तिनं हातातला छोटा पेला मनगटातून दोनदा हलवला, म्हणजे पुरे झाला कहवा, आणि खाली ठेवला.

"बरं," ती म्हणाली. "बरं, बरं. नाहीतरी उशीरच झालाय. लांब जायचंय."

"उशीर कसला!" सईदा म्हणाली. "अहो, आत्ताशी तर आलात. नसरा, अगं—"

"राहू दे हो. तबक आल्यावर कोण बसतं?" शम्सा आपला काळा झगा सावरू लागली. "चल वहिनी."

वहिनी, म्हणजे थुरय्या, भिंतीशी तक्क्याला टेकून बसली होती. अंगानं भरलेली, पायांना सूज असावी अशी. आल्यापासून तिनं खजूर खाऊन बिया ताटलीच्या कडेला ओळीनं लावल्या होत्या, एवढंच काय ते केलं होतं. आता तिनं उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत ओढली आणि हात तबकावर धरला, वैद्यापुढे धरावा तसा.

"लाव," ती म्हणाली.

नसरा पहिली कुपी उघडायला गेली. रीतीनं तसंच होतं: धूर घ्यायचा, थेंब लावायचा, दुवा द्यायची, निघायचं. काचेच्या काडीवर थेंब घेऊन तिनं तो थुरय्याच्या मनगटावर टेकवला. थुरय्यानं दुसरं मनगट त्यावर घासायला घेतलं.

"चोळू नका मावशी. मरतं ते."

थुरय्यानं हात जिथल्या तिथं थांबवला. मनगट नाकाशी नेलं. तिच्या नाकपुड्या फुलल्या आणि ती एकदम खुदकन हसली.

"गोठा!" ती म्हणाली. "बाई गं, बकऱ्यांचा गोठा! शुक्रवारच्या बाजारात उभी केलीस मला."

"अगर आहे. जुना. पहिल्यांदा तसाच येतो."

"मला माहीताय कसा येतो. बकऱ्या गेल्या की लाकूड येतं." तिनं हात गुडघ्यावर ठेवला. "येऊ दे. तोवर दुसरं लाव."

"वहिनी," शम्सा म्हणाली.

"लागलं की उठते."

दुसरं केशराचं होतं. त्याला थुरय्यानं फार दाद दिली नाही. "लग्नातलं आहे," ती म्हणाली, "सगळ्यांना आवडेल असं. विकलं जात असेल."

"सगळ्यात जास्त तेच जातं," नसरा म्हणाली. हे तिनं आजवर कुणाला कबूल केलं नव्हतं. त्या तेलाचा तिला स्वतःलाही कंटाळा आला होता.

तिसऱ्यात अंबर होता. त्यावर थुरय्यानं डोळे मिटले. "खारं. बाळाच्या टाळूचा वास येतो यात. घाम आलेल्या बाळाच्या." चौथं चंदन आणि डोंगरावरच्या गुलाबाचं, ते तिनं कोपराच्या वर लावून घेतलं, कारण खालचा हात भरला होता. मग तिनं डावी बाही ओढली, आणि मोज्यातल्या कुपीकडे बोट केलं.

"त्यात काय लपवलंयस?"

"ते झालं नाही अजून."

"मीही अजून गेले नाही. लाव."

सईदानं शम्साकडे पाहिलं. शम्सा अर्धी उठून गुडघ्यावर तशीच राहिली होती. पूर्ण उठावं तर थोरली वहिनी बसलेली, पुन्हा बसावं तर मान जाते. "वहिनी, इद्रीस बाहेर वाट बघतोय," ती म्हणाली. "आणि दोन तास बंद गाडीत एवढं सगळं लावून बसणार तू? त्याचं डोकं फुटेल."

"बघू या फुटतं का."

"असं काय बोलतेस!"

"त्याच्या बापाचंही दुखतं," थुरय्या नसराला म्हणाली, जणू हे तिलाच सांगायचं होतं. "लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून. मी माहेराहून सात कुप्या नेल्या होत्या. आईच्या हातच्या, माझ्या हातच्या. सगळ्या बहिणीला देऊन टाकल्या."

"माझ्या भावाचं खरंच दुखतं हो," शम्सा सईदाला म्हणाली. "ढोंग नाही करत तो."

"मी कुठे ढोंग म्हटलं? दुखतं बिचाऱ्याचं. पेट्रोलनं नाही दुखत, माशाच्या कालवणानं नाही दुखत, माझ्या अत्तरानं तेवढं दुखायचं." थुरय्यानं हे रागानं म्हटलं नाही. मेलेल्या माणसाची एखादी खोड आठवावी तशा मजेत म्हटलं. "आज दोघांचंही दुखू दे. घरात गोळ्या आहेत."

दाराआडून अफ्रा फिसकन हसली आणि मग खोकल्यासारखं केलं.

शम्सा उठली. तिनं धुरावर ओढणी धरली, नियम म्हणून, आणि निघाली. आपण अपमान करून घ्यायला आलो नव्हतो हे तिनं चपला पायात सरकवताना सगळ्या घराला ऐकू जाईल असं सांगितलं. सईदा तिच्या मागे धावली. जाता जाता तिनं लेकीकडे असं पाहिलं की ते रात्री निस्तरावं लागणार होतं.

नसरानं मोज्यातली कुपी उघडली. हे तेल तिला गेले कित्येक महिने छळत होतं. लोबान, गुलाब, सुकवलेल्या लिंबाची साल आणि खाली नावापुरता अगर. कागदावर सरळ, कुपीत सरळ, पण तिच्या स्वतःच्या मनगटावर लावलं की थोड्या वेळानं आंबायचं. अफ्राच्या हातावर तर अगदी व्हिनेगर. दोनदा ते ओतून टाकायला ती मोरीपर्यंत गेली होती. तिनं एक थेंब थुरय्याच्या डाव्या मनगटावर टेकवला आणि सवयीनं एक स्वतःच्याही.

"तिखट आहे," थुरय्या म्हणाली. "नाकात जातंय."

"म्हटलं ना, झालं नाही. पुसून टाका."

"थांब की. तेलाला उठायची घाई नाही, मग आपल्याला कसली?" तिनं आपला पेला उचलून पुढे केला, न हलवता. "ओत."

नसरानं कहवा ओतला. तबक आल्यावर या घरात कधी कुणाला कहवा ओतलेला तिनं पाहिला नव्हता. थुरय्या प्यायली, पुन्हा पेला पुढे केला, पुन्हा प्यायली. मधूनमधून ती उजव्या हातावरून नाक फिरवत वर खाली जाई, माळावर चरत गेल्यासारखी, आणि एकेक बातमी देई. बकऱ्या गेल्या. लाकूड आलं. केशर आटपलं, घरी गेलं. बाळ झोपलं.

मग तिनं डावं मनगट उचललं आणि ती बोलायची थांबली.

"काय?" नसरानं विचारलं.

थुरय्यानं नुसता हात पुढे केला.

नसरा वाकली. तिखटपणा गेला होता. लिंबाची साल होती, पण ओली झालेली, आणि तिच्याखाली थंड दगडाचा वास, सकाळी पाटाचं पाणी सुटतं आणि रात्रभर कोरडा पडलेला पाट पहिल्यांदा भिजतो तेव्हाचा. गुलाब कुठे होता ते सांगता येत नव्हतं, पण तो होता. इतके महिने ती डोक्यात घेऊन फिरत होती तोच हा वास. आणि तो बसला होता या परक्या, सुजलेल्या, घरभराचं धुणं धुतलेल्या हातावर. तिनं ते मनगट दोन्ही हातांत धरलं आणि वासाची खात्री करून घ्यायला लागतो त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ ती वाकून राहिली.

"आमच्या घरामागून पाट जायचा," थुरय्या तिच्या डोक्यावरून म्हणाली. "आम्ही पाय सोडून बसायचो."

धुपाटण्यातले निखारे पांढरे पडले होते. नसरानं ते पाहिलं. फुंकर घालायला ती उठली नाही.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, एकदा, लाजल्यासारखा. थुरय्यानं बाह्या खाली केल्या नाहीत.

"लग्नाचं संपलं," ती म्हणाली. "ते मला तबक दारात आलं तेव्हाच कळलं, शम्साच्या आधी. राग नाही. मिळेल माझ्या पोराला बायको, नाहीतर बसेल जिने चढत. आता मी माझं विचारते. हे मुरायला अजून दिवस लागतील, आणि तुझ्या हातावर ते आंबतं. तोंड करू नकोस, कहवा ओतत होतीस तेव्हा तुझं मनगट हुंगलं मी. माझा हात इथं यायला तयार आहे. मी एकटी येईन, बसनं. सोयरीक नाही, शम्सा नाही. येऊ की नको?"

नसरानं कहव्याच्या भांड्याची दांडी धरली आणि ते पेल्याकडे नेलं.

थुरय्यानं पेल्यावर तळवा ठेवला.

"असं नाही," ती म्हणाली. "तबक आणून नाही, कहवा ओतून नाही. तोंडानं सांग. येऊ की नको?"