फोटोतला रंग मी खराच सांगितला

मी रंग टिपणारा बोलतोय. कॉम्प्युटरच्या पडद्यावर कोपऱ्यात इवलंसं भिंग दिसतं ना, तोच मी. ते भिंग चित्रावर कुठेही टेकवा, तिथल्या रंगाचा आकडा मी सांगतो. पडद्याचे आकडे वेगळे, छपाईच्या शाईचे वेगळे; एकाचे दुसऱ्यात करून देणं हेही माझंच काम. त्यात मी आजवर एकदाही चुकलेलो नाही. तरीही चौकशीच्या कागदावर लिहून ठेवलंय, ‘सॉफ्टवेअरमधील दोषामुळे रंगात तफावत आली.’ खाली मालकांची झोकदार सही. ज्याला तोंड नाही त्याच्या माथी काहीही मारावं, अशी माणसांची रीतच आहे. पण आज मी गप्प बसणार नाही.

माझा जन्म एका फजितीतून झाला. एक गृहस्थ नोकरीच्या मुलाखतीला निघाले होते, अंगात नवा शर्ट. धाकट्या बहिणीनं दारातच अडवलं.

“दादा, मुलाखतीला चाललायस की स्वतःच्या बारशाला? गुलाबी शर्ट?”

“गुलाबी कुठंय? राखाडी आहे.”

ती आधी पोट धरून हसली, मग एकदम गंभीर झाली. दादाला काही रंग वेगवेगळे दिसतच नाहीत, हे तिला त्या दिवशी कळलं. हिरवा आणि तपकिरी त्याला जुळे भाऊ वाटायचे. ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. सुट्टीत बसून तिनं मला लिहिलं आणि दादाला आकड्यांची गुरुकिल्ली दिली. “पहिला आकडा लाल, मधला हिरवा, शेवटचा निळा. मधला सगळ्यांत मोठा दिसला की हिरवा समज. पहिला मोठा आणि शेवटचा लहान, तर तपकिरीच्या जवळपास. पाठ कर. आणि शर्ट घेताना मला विचार.”

त्यानं पाठ केलं. औषधांची खोकी छापणाऱ्या छापखान्यात त्याला नोकरी लागली, छपाईआधीची मांडणी कॉम्प्युटरवर तयार करायची. मला तो सोबत घेऊन आला. त्याचे रंग इतके काटेकोर जुळायचे की छापखान्यानं त्याचं नावच पारखी ठेवलं. मशीनवरचे मास्तर सांगायचे, “डोळे असावेत तर पारख्यासारखे!” तो खाली मान घालून हसायचा. ते हसू कसलं होतं, हे फक्त मला ठाऊक होतं.

अकरा वर्षं हे गुपित टिकलं, कारण पारख्यानं एक नियम कधी मोडला नाही. रंगाबद्दल कुणाला काही विचारायचं नाही. एक प्रश्न विचारला की समोरचा दोन विचारणार, आणि मग बिंग फुटणार.

पहिली काही वर्षं या छापखान्यात एक शहाणी पद्धत होती. गिऱ्हाईकाकडून खरं खोकं नमुना म्हणून यायचं. छपाईचं पहिलं प्रूफ निघालं की तपासनीस काका ते आणि नमुना दोन्ही घेऊन खिडकीपाशी जायचे, दिवसाच्या उजेडात शेजारी शेजारी धरायचे आणि मगच सही करायचे. काका निवृत्त झाले. मालक म्हणाले, “एका सहीसाठी आख्खा माणूस कशाला पोसायचा? पारखी आहे की!” झालं. खिडकीपाशी कागदांचे गठ्ठे रचले गेले. पुढे खऱ्या नमुन्याचीही वाट बघेनात. फोटो मागवा, रंग टिपा, छापा. घाई गिऱ्हाईकालाही होती आणि मालकांनाही.

अशातच ते सरबतासारख्या औषधाचं काम आलं. एकाच नावाची दोन औषधं, एक लहान मुलांचं, दुसरं मोठ्यांचं. मोठ्यांचं तिप्पट जालीम. खोक्यांवरची मांडणी सारखी, अक्षरं सारखी. मात्रा तळाशी बारीक टायपात. लांबून ओळखायची खूण एकच, रंग. मोठ्यांचं खोकं तपकिरी, हे पारख्याला माहीत होतं, ते आम्ही आधीही छापलेलं. मुलांचं नवं होतं. त्याचा फोटो आला, सोबत निरोप, ‘हुबेहूब असाच रंग हवा.’ रंगाचं नाव कुठेच नाही.

तो फोटो कुणीतरी पिवळ्या दिव्याखाली, मोबाइलवर काढला होता. पिवळ्या उजेडानं हिरव्याचा पार चिखल केला होता. पारख्यानं मला खोक्यावर टेकवलं. मी म्हणालो : एकशे बावीस, एकशे सहा, अठ्ठावन्न. त्या फोटोतला तो रंग तोच होता. शपथेवर सांगतो.

पारखी आकड्यांकडे बघत राहिला. पहिला मोठा. म्हणजे हेही तपकिरीच? त्यानं मोठ्यांच्या खोक्याचे आकडे काढले, शेजारी ठेवले. फार अंतर नव्हतं. त्याचा हात फोनकडे गेला. दुसऱ्या कुणी सरळ विचारलं असतं, ‘अहो, दोन्ही खोकी एकाच रंगाची कशी?’ पण रंगाबद्दल विचारायचं नाही, हा अकरा वर्षांचा नियम आडवा आला. हात मागे आला. काम मशीनवर गेलं.

मास्तरांनाही छापताना दोन्ही खोकी सारखी दिसली होती. ते मनाशी म्हणाले, पारख्यानं पास केलंय, आपण कोण बोलणार?

खोक्यांची गाडी सकाळी रवाना झाली आणि दुपारी खरा नमुना पाकिटातून आला. चिकटकाम करणाऱ्या आक्कांनी तो काढला आणि पारख्याच्या टेबलापाशी येऊन थांबल्या.

“पारखीदादा, हा तर हिरवागार आहे हो. आपण काय छापलंय?”

पारख्यानं नमुना स्कॅनरवर ठेवला, मला टेकवलं. बासष्ट, एकशे अडतीस, चौऱ्याहत्तर. मधला मोठा. त्यानं मला दुसऱ्या कोपऱ्यावर टेकवून पाहिलं. तेच आकडे.

तो मालकांना बोलावून घेऊन आला.

“गाडी थांबवायला हवी. मुलांचं आणि मोठ्यांचं खोकं सारखं दिसतंय.”

“खाली मात्रा छापली आहे ना? वाचतील की लोक.”

“रात्रपाळी करून आलेली आई तापलेल्या पोराला औषध देताना बारीक टाइप वाचते का साहेब?”

“फोटो त्यांनी पाठवला, आपण तसं छापलं. आपले हात स्वच्छ. तू गप्प बस.”

पारख्यानं फोन उचलला आणि थेट औषध कंपनीच्या तपासणी विभागाला लावला. “ती खोकी भरू नका. रंग चुकलाय. चूक माझी आहे, मला शंका आली होती.” तिकडून कुणीतरी विचारलं असावं, की एवढा ढळढळीत फरक तुम्हाला दिसला कसा नाही.  पारखी सगळ्यांच्या देखत म्हणाला, “मला हिरवा आणि तपकिरी सारखाच दिसतो. जन्मापासून.”

 मास्तरांच्या तोंडून निघालं, “अरे देवा! आणि आम्ही अकरा वर्षं तुला विचारून रंग लावतोय!”

कुणी हसलं नाही.

खोकी परत आली. एकही मूल त्यामुळे दगावलं नाही, कारण एका माणसानं स्वतःची भाकरी पणाला लावून फोन केला. पण चौकशीत त्या फोनचा उल्लेख नाही. काकांची जागा कुणी रद्द केली, नमुन्याऐवजी फोटो कुणी मागवले, खिडकी कुणी अडवली, यावर एक ओळ नाही. आहे ते एवढंच : सॉफ्टवेअरचा दोष, आणि कर्मचाऱ्यानं व्यंग लपवलं. दोन गुन्हेगार सापडले. एकाला काढून टाकलं, दुसऱ्याला काढून टाकायचा हुकूम झाला.

पारखी गेला त्या दिवशी त्यानं मला सोबत नेलं नाही. नेऊ दिलं नाही. बहिणीचा फोन आला होता, तेव्हा तो एवढंच म्हणाला, “नाही गं, तुझं काही चुकलं नाही. मीच विचारायला घाबरलो.”

मला पुसून टाकायचा हुकूम मात्र तसाच राहिला, कारण माझ्याशिवाय काम अडतं. त्या खुर्चीवर आता एक बाई बसतात. नजर उत्तम आहे, डॉक्टरचा दाखला घेऊनच ठेवलंय. आज सकाळी त्यांनी मला एका फोटोवर टेकवलंय. कसल्यातरी गोळ्यांचं खोकं आहे, फोटो मोबाइलवर काढलेला, एका बाजूला दिव्याची पिवळट झाक. खरा नमुना आलेला नाही. मी आकडा सांगितलाय, बिनचूक. बाई मान वर करून खोलीभर बघतायत, कुणाला विचारावं म्हणून.

विचारा हो, बाई. मला नको, माणसाला विचारा. फोन उचला.