रविवारचा वर्ग

रामदास तागडे दूरसंचार खात्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी लखनौच्या मराठी बौद्ध मंडळाचा इतिहास लिहायला घेतला. भंडारा, नागपूर, अकोल्याकडून नोकरीपायी इकडे आलेली कुटुंबं, जानकीपुरममधला भाड्याचा हॉल, तिथली पहिली वंदना, पहिली जयंती, असं सगळं. पुस्तिका छापली, घरोघरी वाटली आणि कोणी वाचली नाही. मोठ्यांना त्यातलं सगळं माहीत होतं आणि मुलांना मराठी वाचता येत नव्हतं.

उपाय मुलाने, अनुपने काढला. त्याचं कामच ते होतं. लोकांचे अहवाल, लेख एआयला द्यायचे आणि त्यातून दोन माणसांच्या गप्पा तयार करून घ्यायच्या, पॉडकास्टसाठी.

"पढ़ता कोई नहीं बाबा, सुनते सब हैं," तो म्हणाला. "एक जण विचारेल, एक जण सांगेल. मराठी सोपी ठेवू."

सांगणारे अर्थात रामदास. विचारणारी म्हणून अनुपने आईला, नीलाला बसवलं.

शनिवारी दुपारी रेकॉर्डिंगसाठी खिडक्या लावून, पंखा बंद करून दोघं पलंगावर समोरासमोर बसले. हातात त्या गप्पांचे छापील कागद. नीलाला सुरुवातीला ते "अच्छा, हो का?" म्हणायला जमेना. मग सूर सापडला आणि मजाही वाटायला लागली. घामाने कागद ओले होत होते तरी ती उत्साहाने विचारत होती.

"मुलांसाठी रविवारी मराठीचा वर्गही चालायचा ना? तो कोण घ्यायचं?"

हे वाचतानाच तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"मीच घ्यायचो," रामदास वाचत म्हणाले. "सुट्टीचा एकच दिवस मिळायचा, पण मुलांची भाषा टिकली पाहिजे असं वाटायचं."

ते क्षणभर अडखळले आणि पुढे वाचू लागले. नीलाने पुढचा प्रश्न विचारला, त्याच्या पुढचाही. शेवटपर्यंत तिने सगळं नीट वाचलं.

संध्याकाळी मात्र तिला घरात बसवेना. कणीक मळायला घेतली ती तशीच झाकून ठेवली. सब्जी आणायला म्हणून निघाली आणि हॉलच्या गल्लीपर्यंत जाऊन रिकाम्या पिशवीने परत आली. लग्नाआधीपासून ती भंडाऱ्याजवळ शाळेत शिकवायची. नवऱ्याची बदली इकडे झाली आणि ती नोकरी सुटली. मग रविवारचा वर्ग तिने उभा केला होता. जानेवारीच्या धुक्यात शाल गुंडाळून ती हॉल उघडायची, मुलांना बाराखडी गिरवायला लावायची. रामदास तेव्हा पलीकडच्या खोलीत मंडळाच्या बैठकीत असायचे.

तिने अनुपला गाठलं. "ते वर्गाचं वाक्य तू घातलंस?"

अनुपने पुस्तिका उघडली. 'मुलांसाठी रविवारी मराठी वर्ग चालवण्यात आला,' एवढंच त्यात होतं.

"इसमें नाम ही नहीं है, आई. नाव नसलं की एआय अंदाजाने भरतो. सांगणारे बाबा, म्हणून बाबांनाच घातलं असेल. म्हणून तर बाबांना चेक करायला दिलं होतं."

"आणि तू? तू तर त्या वर्गात बसायचास."

"मी नीट बघितलंच नाही," तो हळूच म्हणाला.

रामदास बाल्कनीत होते. ती शेजारी जाऊन उभी राहिली.

"अहो, तुम्ही तपासलं होतं ना?"

त्यांनी न समजल्यासारखं केलं नाही. "तपासताना लक्षात आलं नाही. बोलताना आलं."

"मग?"

"तुझ्यासमोर थांबायची लाज वाटली. वाटलं, तू अडवशील."

"मी विचारणारी होते."

"पुस्तिकेत सगळंच तसं लिहिलंय गं. वर्ग चालवण्यात आला, जयंती साजरी करण्यात आली."

"जयंतीच्या अध्यक्षांची नावं आहेत."



दुसऱ्या दिवशी रामदासांनीच आपले कागद तिच्या हातात दिले. "वर्गाचं तू सांग," एवढं बोलून ते दाराशी खुर्ची घेऊन बसले. प्रश्न अनुपने विचारला, आणि नीलाने आपलं नाव सांगून वर्गाची हकिकत सांगितली. कोण मुलं यायची, कोण पळून जायची, हॉलच्या मालकाने खडू वापरायला कशी मनाई केली होती. सांगून टाकल्यावर मोकळं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं वाटेना.

अनुपने हातातला कागद बाजूला ठेवला. "आई, फिर वो बंद क्यों हुआ?"

हा प्रश्न लिहिलेला नव्हता.

"तू यायचं सोडलंस म्हणून. तुला त्या वेळी खेळायला जायचं असायचं. घरी मी मराठीत बोलायचे, तू हिंदीत उत्तर द्यायचास. माझंच पोर असं, मग लोकांच्या पोरांना कुठल्या तोंडाने बोलावू? हळूहळू मीच जाईनाशी झाले."

"मला वाटलं होतं, तू कंटाळलीस," दाराशी बसलेले रामदास म्हणाले.

"मीच तसं सांगितलं होतं तुम्हाला."

अनुपने रेकॉर्डिंग थांबवलं. "हे... काढून टाकू?"

"मला नको विचारू," ती उठत म्हणाली. "तुझं तू ठरव."

त्याने ते काढलं नाही. पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर हॉलमध्ये सगळं ऐकवलं. वर्गाचा भाग सुरू होताच नीला उठून बाहेर आली आणि चपला घालून व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागली. दाराआडून तिला स्वतःचा आवाज ऐकू येत होता, ओळखीचा आणि परका. थोड्या वेळाने रामदासही आले आणि तिच्याबरोबर चालू लागले.

"पुस्तिका पुन्हा छापतो," शेवटी ते म्हणाले.

"छापा. पण या वेळी आधी मला दाखवा."

आतून मुलं हसल्याचा आवाज आला. कशाला हसली, ते बाहेर कळेना. नीलाने चपला काढल्या आणि ती आत गेली.