वाटणीतली करवत

थोरल्यानं दुकान बंद करायचं ठरवलं, तेव्हा ते त्यानं फक्त बायकोला सांगितलं, आणि तेही असं, की जणू दुसऱ्याच कुणाचं दुकान बंद होणार आहे.

"हातातली कामं उरकली की कुलूप," तो म्हणाला.

ती भाजी चिरत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "नक्की ना?"

"नक्की."

"मग बरं झालं."

बरंच होतं ते. खांदा गेला होता, गुडघे कुरकुरत होते, आणि कानात दिवसभर एक बारीक शिट्टी वाजत राही, मशीन बंद असलं तरी. उभा जन्म भुशात गेला होता. त्यातून आता कामंही धड येत नव्हती. लोक तयार कपाटं आणत, ती मोडली की त्याच्याकडे घेऊन येत. दाबून बनवलेल्या भुशाच्या फळ्या त्या, त्यांच्यात स्क्रू कसला धरतोय! पण गिऱ्हाईक म्हणे, "मिस्त्री, एवढं बसवून द्या की." मेलेल्याला उठवून बसवायला सांगावं, तसं.

दुकानाच्या मागच्या भिंतीशी वडिलांची गोल करवत उभी होती. बिडाचं जाडजूड टेबल, मध्ये फट, त्या फटीतून वर येणारं दातेरी पातं, आणि फळी सरळ चालावी म्हणून बाजूला लोखंडी गाईडपट्टी. अशी ती एके काळी होती. आता नुसतं टेबल आणि खालचा सांगाडा उरला होता. उरलेली अर्धी धाकट्याकडे होती.

त्याचं असं झालं. वडील गेल्यावर दोघा भावांची वाटणी झाली. हत्यारं झाली, लाकूड झालं, दारातला नळसुद्धा दिवस ठरवून वाटला गेला, आणि शेवटी राहिली करवत. दोघांनाही ती हवी होती. मध्यस्थीला बसलेले मामा बिचारे कंटाळून गेले होते. त्यांनी हात जोडले आणि वैतागून म्हणाले, "अर्धी अर्धी करून घ्या मग!" शहाणी माणसं असती तर हसली असती. हे दोघं नट खोलायचे पाने घेऊन बसले. मोटर, पात्याचा शाफ्ट आणि गाईडपट्टी धाकट्यानं नेली. टेबल आणि सांगाडा थोरल्याकडे राहिला. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ म्हणतात, इथं तिसऱ्यालासुद्धा काही मिळालं नाही. दोघांनी दोन नवी पत्र्याची मशीनं घेतली, दोघांचीही कधी सरळ चालली नाहीत, आणि दोघांनी ते कबूल केलं नाही.

तेव्हापासून बोलणं बंद. थोरल्यानं त्या बिडाच्या टेबलावर सरसाचे डबे ठेवले, खिळ्यांचे डबे ठेवले, चहाचे ग्लास ठेवले. ग्लासांच्या बुडांची गोल गोल वर्तुळं गंजून टेबलात उतरली.

तर दुकान बंद करायचं ठरल्यावर थोड्याच दिवसांनी एका दुपारी दारात टेम्पो थांबला, आणि त्यातून धाकटा उतरला. केस पार पांढरे. अंगावरचा शर्ट एका मापानं मोठा वाटत होता. मागे पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. थोरल्याला पोत्याकडे बघूनच कळलं.

इतक्या वर्षांनी भावाला पहिला शब्द काय बोलायचा, याचा त्यानं पूर्वी खूप विचार केलेला होता. चांगली झणझणीत वाक्यं तयार होती. पण तोंडातून निघालं ते असं: "टेम्पो मागून घे. पुढं गटार उघडं आहे."

पोतं उतरवून झालं. टेम्पोवाला गेला. धाकटा दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"दादा, हे तुझ्याकडे ठेव. मी दुकान बंद केलं."

"का?"

"कंटाळा आला."

थोरल्याला खरं तर वाईट वाटायला हवं होतं. पण त्याला रागच आला. दुकान बंद करायचं त्यानं ठरवलं होतं, आणि इथंही हा पठ्ठ्या पुढं निघून गेला होता.

"भंगारात घालायचं होतंस," तो म्हणाला.

"गेलो होतो घालायला. तिथं भंगारवाल्यानं हातोडा उचलला, आणि मी परत आणलं."

 थोरल्यानं स्टूल पुढं सरकवलं.

दुसऱ्या दिवशी धाकटा पुन्हा आला. म्हणाला, नुसतं जोडून तर बघू, चालते का. थोरल्यानं मनात म्हटलं, ठीक आहे, जोडू आणि मग हा जाईल. पण जुनं यंत्र जोडणं म्हणजे रुसलेल्या दोन घरांत सोयरीक जमवण्यासारखं असतं. एकीकडे ओढलं की दुसरीकडे फुगतं. सांगाड्याचे नट गंजून एकजीव झालेले. त्यांच्यावर रॉकेल ओतून ठेवायचं, वाट बघायची, पाना लावायचा, शिव्या घालायच्या, पुन्हा रॉकेल. टेबलावरचा गंज घासायचं काम धाकट्यानं घेतलं. लाकडाच्या ठोकळ्याला पॉलिशकागद गुंडाळून तो तासन्‌तास घासत बसे. गंजाचं लाल पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत येई. चहाची वर्तुळं काही केल्या जाईनात.

"किती चहा प्यायलास रे इतक्या वर्षांत?" तो म्हणाला.

"तुझ्या नावानं एकेक जास्त प्यायलो," थोरला म्हणाला. दोघंही हसले नाहीत, पण हसल्यासारखं झालं.

शाफ्ट घेऊन थोरला लेथवाल्याकडे गेला. लेथवाल्यानं तो फिरवून बघितला, बेअरिंगची खडखड ऐकली आणि विचारलं, "हे मोडलं कसं?"

"मोडलं नाही. वाटलं."

लेथवाल्यानं शाफ्ट खाली ठेवला. "मिस्त्री, मोडलेलं रोज येतं माझ्याकडे. वाटलेलं पहिल्यांदाच बघतोय." मग त्यानं निमूटपणे नवी बेअरिंगं बसवून दिली.

मोटरची तार नव्यानं गुंडाळून आली. पट्टा नवा आला. थोरला रोज संध्याकाळी घरी येऊन पाय लांब करून बसे आणि म्हणे, "दुकान बंद करायचं म्हणून ठरवलं, आणि जितकं कधी केलं नाही तितकं काम करतोय." बायको म्हणे, "मग सांगा ना भावजींना." तो म्हणे, "उद्या सांगतो."

एक गोष्ट मात्र त्याला खटकत होती. धाकटा उजवा हात बहुतेक खिशात ठेवी. चहाचा ग्लास डाव्या हातानं उचली, तोही अर्धाच भरलेला मागे. घासायच्या कामाला दोन्ही हात लावी, कारण ठोकळा दाबून धरला की उजवा हात गप्प बसे. हे थोरल्याला नंतर कळलं. कळलं ते असं, की गाईडपट्टीचा बारीक स्क्रू लावायला त्यानं धाकट्याला दिला. स्क्रू पडला. उचलून दिला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा तो भुशात पडला, तेव्हा थोरला खेकसला, "लक्ष कुठंय तुझं?"

धाकट्यानं हात लपवला नाही. तसाच पुढं धरला. हात थरथरत होता, वाऱ्यावर पान हलावं तसा, एका लयीत, थांबायचं नावच नाही.

"डॉक्टर म्हणतात जाणार नाही," तो म्हणाला. "हळूहळू वाढेल. आधी मला वाटलं, तंबाखू सोडली म्हणून होतंय. परत सुरू केली. तरी होतंच."

थोरला खाली बसला आणि भुशात स्क्रू शोधू लागला. शोधायला काही फार वेळ लागण्यासारखा नव्हता तो, पण त्यानं वेळ लावला.

"म्हणून बंद केलंस होय दुकान."

"करवतीपाशी असला हात नेऊन कसं चालेल? घरच्यांनी चाव्याच काढून घेतल्या. बरोबरच केलं त्यांनी." त्यानं हात पुन्हा खिशात घातला. "घरी बसलो की बायको माझ्या हाताकडे बघते, दादा. मग मी तिच्याकडे बघत नाही. सगळा दिवस असा जातो."

त्या दिवशी थोरला बायकोला म्हणाला, "नाही सांगितलं मी." 

करवत जोडून झाली तेव्हा पहिल्यांदा चालवताना ती अशी हादरली, की खिडकीच्या काचा वाजल्या. पुली तिरकी बसली होती. पुन्हा खोललं. खाली पत्र्याचा तुकडा सरकवला, गुण्या लावून पातं काटकोनात आणलं, पुन्हा चालवली. या वेळी नुसती घूं घूं. वडील गेल्यापासून तो आवाज त्या भिंतींनी ऐकला नव्हता. थोरल्यानं एक जुनी सागाची फळी घेतली आणि पात्यावर हळूच घातली. फळी दुभंगली. कड अशी आली, की रंधा मारायची गरज नाही. त्यानं त्या कडेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"एक मला घालू दे," धाकटा म्हणाला.

"नाही."

"एकच."

"नाही म्हणतोय ना."

धाकट्याचा चेहरा बदलला. तोच चेहरा, मामांसमोरचा. "अर्धी माझी आहे ही."

"मग तुझी अर्धी काढ आणि जा घेऊन!" थोरला ओरडला. "बोटं घरी नेशील का पिशवीत घालून? वहिनीला काय तोंड दाखवू मी?" भावाच्या बायकोला त्यानं कधी वहिनी म्हटलं नव्हतं, ती वयानं कितीतरी लहान. पण रागात जे यायचं ते आलं.

धाकटा बाहेर जाऊन पायरीवर बसला. थोरल्यानं मशीन बंद केलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं लोक त्यांच्याबद्दल म्हणत आले होते, आणि काही खोटं म्हणत नव्हते. थोरल्याला वाटलं, आता हा उठेल आणि जाईल. गेला तर उद्यापासून आपण मोकळे. कुलूप लावायचं आणि घरी जाऊन झोपायचं. हा विचार इतका गोड होता, की तो तसाच थोडा वेळ उभा राहिला.

मग तो दारात गेला.

"पलीकडून ओढायला माणूस लागेल," तो म्हणाला. "लांब फळ्या एकट्याला नाही जमत. माझा खांदा गेलाय."

धाकटा वळला नाही. "पलीकडून लहान पोरं ओढतात. बाबा आपल्याला उभं करायचे."

"मग? तेव्हा जमत होतं, आता नाही जमणार?"

धाकटा उठला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, पात्यापासून चांगला लांब जाऊन उभा राहिला. थोरल्यानं लांब फळी घातली. चिरून पुढं आलेलं टोक धाकट्यानं दोन्ही हातांनी धरलं आणि मागे मागे जात ओढून घेतलं. उजवा हात थरथरत होता, पण फळी जड होती, आणि जडपणानं थरथर थोडी दाबली जाई.

यात एक घोळ झाला. ती करवत चांगली चालते, ही बातमी पसरली. आजूबाजूचे सुतार आपल्या फळ्या चिरून घ्यायला येऊ लागले. दाराच्या चौकटी आल्या, पलंगाच्या पाट्या आल्या. जे दुकान बंद व्हायचं, त्याच्यासमोर सकाळी माणसं उभी राहू लागली. धाकटा त्यांच्या आधी आलेला असे. थोरला कुलूप उघडताना त्याला पाठमोरा म्हणे, "आज जरा कमीच करू." मग दिवस मावळेपर्यंत दोघं फळ्या चिरत. घरी आल्यावर थोरल्याला जेवताना हात तोंडापर्यंत नेणं जिवावर येई. बायको त्याच्या खांद्याला तेल चोळी आणि काही बोलत नसे. न बोलण्याचंही ओझं होतंच.

थंडी आली, गेली. धाकट्याच्या हाताची थरथर वाढत गेली, मग दुसरा हातही हलू लागला. आता तो फळी धरी तेव्हा फळीच थरथरे. एका सकाळी ओढताना ती त्याच्या हातून निसटली आणि जमिनीवर आपटली. कुणाला लागलं नाही. थोरल्यानं मशीन बंद केलं आणि कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभा राहिला.

धाकटा फळीकडे बघत म्हणाला, "दादा, तू हे दुकान बंद करणार होतास."

"कुणी सांगितलं?"

"वहिनीनं. मी आलो, त्याच आठवड्यात. रस्त्यात भेटली होती."

थोरला टेबलावरचा भुसा हातानं झाडू लागला.

"मला माहीत होतं," धाकटा म्हणाला. "तरी येत राहिलो. तू थकतोस ते दिसत होतं रोज. पण घरी जाऊन बसवत नव्हतं. म्हटलं, आजचा दिवस. मग आणखी एक."

थोरल्यानं रागवायचं ठरवून पाहिलं. राग येण्यासाठीसुद्धा अंगात काही लागतं. तेवढंही शिल्लक नव्हतं.

"मीही सांगितलं नाहीच ना," तो शेवटी म्हणाला.

"मग आता काय करायचं?"

"उद्या बघू. आत्ता मला बसू दे."

पण तो बसला नाही. कोपऱ्यात चिरलेल्या फळ्यांची थप्पी होती, तिच्यावर तो सरळ आडवा झाला, डोक्याखाली पोतं घेतलं आणि डोळे मिटले. कानातली शिट्टी वाजत होती, वाजू दे म्हणाला.

बाहेर कुणीतरी दोन फळ्या खांद्यावर घेऊन आलं. "मिस्त्री आहेत का?"

धाकटा दारात स्टूल टाकून बसला होता, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

"आहेत," तो हळू आवाजात म्हणाला. "झोपलेत. फळ्या ठेवू नका, घेऊन जा. आणि जरा हळू बोला."

आत थोरल्यानं ते ऐकलं. एकदा त्याला वाटलं, उठावं, दोनच तर फळ्या आहेत. मग त्यानं कूस बदलली.