मावशीचा पत्ता

डेट्रॉइटचा पत्ता दिला की गाडीचा विमा दुप्पट. म्हणून आमच्या गल्लीतल्या निम्म्या गाड्या कागदोपत्री उपनगरातल्या कुणा नातेवाइकाकडे राहतात. माझी गाडी अर्लीन मावशीकडे. लायसन्सवरही तिचाच पत्ता.

मार्चमध्ये उपनगरात सिग्नल तोडल्याचं तिकीट मिळालं. मुकाट्यानं दंड भरला असता तर लायसन्सवर दंडाचे पॉइंट लागले असते आणि विमा वाढला असता, म्हणून मी कोर्टात सुनावणी मागितली. तारखेचं पत्र काही येईना. ऑगस्टमध्ये मावशीला फोन केला.

"आलीत की चार पत्रं. ड्रॉवरमध्ये नीट ठेवलीत. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला जेवायला आलास की देणारच होते."

"मावशी, उघडून तरी बघायचंस."

"दुसऱ्याची पत्रं मी उघडत नाही, बाळा."

शेवटी माझ्या सांगण्यावरून तिनं ती फोनवरच वाचून दाखवली. तारीख जूनमध्येच होऊन गेली होती. हजर नाही म्हणून दोषी. पॉइंट लागलेच, वर लायसन्स बंद.

त्या कोर्टाकडे बस जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. खिडकीतल्या बाईनं कागद चाळले.

"मिस्टर टॉलिव्हर, लायसन्स बंद आहे तुमचं. मग इथवर आलात कसे?"

दाराशी उभ्या पोलिसानं माझ्या हातातल्या गाडीच्या किल्लीकडे पाहिलं.