कान नसलेले झगे

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक बाई डोळ्यांसमोर आणा. ती तुमच्या वितीएवढी उंच आहे आणि पुठ्ठ्याची आहे. केस मानेपर्यंत कापलेले, गालावर गुलाबी ठिपका, एक हात कमरेवर. अंगात फक्त पांढरा परकर आणि बिनबाह्यांची चोळी, कारण तिचे कपडे वेगळे ठेवलेले आहेत. तेही कागदाचेच. बागेत फिरायचा निळा झगा, पावसातला लांब कोट, नाचाला जायचा पायघोळ सोनेरी झगा आणि त्यावर शोभणारी पिसांची टोपी. प्रत्येक झग्याच्या खांद्याशी आणि कमरेशी कागदाचे लहान चौकोनी तुकडे बाहेर आलेले आहेत. ते मागे दुमडले की झगा बाहुलीच्या अंगावर बसतो, उलगडले की उतरतो. या तुकड्यांना आपण कान म्हणू, कारण गोष्टीतली मुलगी त्यांना कानच म्हणायची.

आता मनातल्या मनात तिला निळा झगा घाला. काढा. सोनेरी घाला. जमलं? मग उघडा डोळे.

मुलीचं नाव अनुसूया, घरी सगळे अनू म्हणत. स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली होती, तेव्हा ती झाशीत चौथीत शिकत होती. तिचे पूर्वज पेशव्यांच्या काळात कारकुनीसाठी इकडे आले आणि इकडचेच झाले. वडील, गजाननराव, रेल्वेच्या कचेरीत होते. अनू रांगत होती तेव्हाच आई वारली. तिला वाढवलं ते अंबिकाआत्याने. आत्याची नजर आता अधू झाली होती, पण हात कधी रिकामे नसत. गोधड्या, वाती, कुणाच्या बाळाची कुंची, काही ना काही चाललेलं असे. सुईत दोरा ओवून द्यायचं काम अनूचं.

बड्या बाजारात रद्दीचं एक दुकान होतं. छावनीतल्या बंगल्यांतून इंग्रजी मासिकं तिथे गठ्ठ्यांनी येत आणि पुड्या होऊन शहरभर जात. त्यातल्या काही मासिकांत शेवटच्या पानावर कागदी बाहुली आणि तिचे कपडे छापलेले असत. अनूला ते कळल्यापासून शाळेतून येताना ती दुकानाच्या पायरीवर बसून गठ्ठे चाळू लागली.

"मेम मिली, बिटिया?" दुकानदार लाला विचारत.

"मिली. सिर नहीं है."

"तो क्या हुआ, सिर का करेगी क्या? कपड़े तो पूरे हैं."

पण कपडेही पुरे नसत. कुणी कोपरा फाडलेला, कुणी पानाच्या मागच्या बाजूची पाककृती कापून नेलेली. अनूच्या कापडी पिशवीत अशी कितीतरी पानं जमली, न कापलेली. एकही संच मात्र पुरा नव्हता.

तिथेच तिला मिस हिल्डा भेटल्या. छावनीतल्या एका शाळेत त्यांनी जन्मभर शिवण शिकवली होती. आता एकट्याच राहत आणि आपली रद्दी आपणच घेऊन येत. पायरीवर बसलेली मुलगी काय शोधते ते त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "इतवार को घर आओ."

त्यांच्या पलंगाखाली एक काळी ट्रंक होती. तिच्यात पाकिटंच पाकिटं, आणि प्रत्येक पाकिटात एक पुरा संच. काही त्यांच्या आईचे, काही त्यांचे स्वतःचे, बरेचसे पुढे जमवलेले. अनू दर रविवारी जाऊ लागली. मिस हिल्डा एकेक पाकीट उघडत, आणि झगा पाहून काळ ओळखायला शिकवत. कमर खाली सरकलेली आणि केस आखूड, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरचा काळ. खांदे रुंद आणि झगा गुडघ्यापर्यंतच, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला, तेव्हा कापड मापात मिळे. मग एकदम घेरदार झगे, लढाई संपल्याचे. अनूला इतिहासाच्या पुस्तकात सनावळ्या कधी पाठ झाल्या नाहीत, पण झग्यांवरून तिला त्या काळाची वाट सापडू लागली.

"हाथ लगाओ, मगर कान को नहीं," त्या सांगत. "कान गया तो कपड़ा गया. फिर वो सिर्फ तस्वीर है."

फाल्गुनात मिस हिल्डांनी सांगितलं की त्या भावाकडे विलायतेला चालल्या आहेत, कायमच्या. ट्रंक जहाजाने न्यायची नव्हती. कलकत्त्याची एक मैत्रीण असेच संच जमवत असे आणि ती कधीची मागत होती.

 अनू ट्रंककडे बघत राहिली.

"तुम भी चाहती हो," मिस हिल्डा म्हणाल्या. त्यांनी एक पाकीट काढलं. त्यात होती आपण मघाशी डोळ्यांसमोर आणलेली बाई. "ये ले जाओ. मेरे जाने के दिन ले आना. सब कपड़े, सब कान. जैसे दिए वैसे लाओगी, तो ट्रंक तुम्हारी. घर में और कोई हाथ तो नहीं लगाएगा?"

"कोई नहीं, मिस जी."

तेव्हा ते खरंच होतं.

मग चैत्र आला. झाशीतल्या मराठी घरांत चैत्रगौर बसली. तुमच्याकडेही बसत असेल. गौर महिनाभर माहेरी येते, तिला झोपाळ्यात बसवतात, पायऱ्यांची आरास करतात आणि घरातलं जे जे सुंदर ते ते तिच्यापुढे मांडतात. आत्या पितळी हत्ती घासत म्हणाली, "अनू, तुझं जे सगळ्यात लाडकं असेल ते गौरीपुढे ठेव हो. मग मागणं माग. माहेरवाशीण आहे, नाही म्हणत नाही."

अनूने दिवसभर विचार केला. तिचं लाडकं काय ते ठरलेलं होतं आणि मागणंही ठरलेलं होतं. हळदीकुंकवाच्या दुपारी तिने पाकीट उघडलं, बाहुली समईला टेकवून उभी केली आणि सगळे झगे पायरीवर ओळीने मांडले. हात जोडले. मनात म्हणाली, ट्रंक मिळू दे.

बायका आल्या. आंब्याची डाळ झाली, पन्हं झालं, हरभऱ्यांनी ओट्या भरल्या. शेजारच्या कमलिनीकाकू आरशीसारख्या जे दिसेल ते बोलून दाखवत. त्या आरासीपुढे वाकल्या.

"अगंबाई अंबिका, ही कोण उघडी उभी केलीस गौरीपुढे?"

"उघडी कुठे, परकर आहे की," आत्या म्हणाली.

"परकरावरच आली होय हळदीकुंकवाला? लुगडं धोब्याकडे गेलं वाटतं."

बायका हसल्या. आत्याही हसली, पण तिचे कान लाल झाले. तेवढ्यात खिडकीतून झळ आली. आपल्याकडे चैत्रात कसा वारा सुटतो ते तुम्हाला ठाऊक आहे. झगे पायरीवरून भिरभिरत उडाले, एक पन्ह्याच्या घंगाळाच्या काठावर जाऊन बसला. अनू धावली. गोळा करता करता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्याला चेहरे नीट दिसत नसत, पण या मुलीचं रडू तिला आवाज न होताही कळे.

"गौर उठेपर्यंत राहू दे गं तिथेच," आत्या म्हणाली. "मांडलेलं मधेच काढू नये. मी बघते त्यांचं."

मी बघते, म्हणजे मी लक्ष ठेवते, असं अनूला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिची सकाळची शाळा होती, परीक्षेचे दिवस. दुपारी ती घरी आली तेव्हा आत्या दारातच उभी होती, हात मागे, चेहरा एखाद्या लहान मुलीसारखा.

"डोळे मीट बघू," ती म्हणाली. "हं. आता उघड."

गौरीपुढे बाहुली उभी होती. सोनेरी झगा तिच्या अंगावर घट्ट बसला होता. मागे एक मोठा पुठ्ठा होता, लग्नाच्या आहेराच्या खोक्याचा, त्यावर लाल कापड ताणलेलं, आणि त्या कापडावर बाकीचे सगळे झगे आणि टोपी तोरणासारखे डकवलेले.

"मैद्याची खळ केली, मोरचूद घालून, कसर लागायची नाही," आत्या म्हणाली. "आता कितीही झळ येऊ दे. आणि कमलिनीला म्हणावं, ये आता बघायला."

अनू जवळ गेली. झग्यांच्या कडा अगदी गुळगुळीत होत्या.

"आत्या, यांचे कान?"

"कसले कान?"

"इथे, खांद्यावर. चौकोनी."

"ते टवके होय? कापून टाकले. कुणी घाईघाईने कापलेले दिसले, कडेला किती ओबडधोबड. दिसत नव्हतं नीट, बोटांनी चाचपून एकेक काढला. सगळी सकाळ गेली बघ."

केर केव्हाच काढून झाला होता. अनू मागच्या दारी जाऊन उकिरड्यापाशी उभी राहिली. तिथे वारा होता आणि धूळ होती.

संध्याकाळी आत्या देवळात गेली तेव्हा अनूने ओलं फडकं घेऊन सोनेरी झग्याची कड हळूच भिजवली. खळ सुटली नाही, सोनेरी रंग सुटला आणि फडक्याला लागला. गजाननराव कचेरीतून आले, त्यांनी तिच्या हातातून फडकं काढून घेतलं.

"पाणी लावू नकोस. होतं तेही जाईल."

"बाबा, निघेल का कशानं?"

त्यांनी बाहुली उलटसुलट केली. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "नाही," ते म्हणाले. मग विचारलं, "आत्याला बोललीस काही?"

अनूने नकारार्थी मान हलवली.

"मी येऊ का तुझ्याबरोबर छावनीत? सांगतो मी त्यांना समजावून."

"काय सांगणार?"

गजाननरावांनी फडकं पिळून दोरीवर टाकलं.

मिस हिल्डांच्या जाण्याच्या दिवशी अनू एकटीच गेली. पुठ्ठा मोठा होता, तो आडवा धरून चालावं लागलं. आत्याने त्यावर जुनं रेशमी फडकं टाकून दिलं होतं. "दाखवून ये," ती म्हणाली होती, "त्यांचीच आहे ना बाहुली, खूश होतील." ट्रंकची गोष्ट आत्याला माहीत नव्हती. ती अनूने फक्त गौरीला सांगितली होती.

बंगल्यात खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. ट्रंक व्हरांड्यात होती, कुलूप न लावलेली. मिस हिल्डांनी फडकं उचललं. मग चष्मा काढला आणि बोट एका खांद्यावरून फिरवलं, जिथे कान असायचा तिथे.

"किसने किया?"

"बुआ ने. हवा से उड़ रहे थे. उनको कम दिखता है, मिस जी. उन्होंने अच्छे के लिए किया."

"हाँ," मिस हिल्डा म्हणाल्या. "सब अच्छे के लिए करते हैं."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर अनूला रडता आलं असतं. त्यांनी तिला पायरीवर आपल्याजवळ बसवलं आणि शिवण शिकवताना सांगत तसं सावकाश सांगितलं. तुझ्यावर विश्वास नाही असं नाही. पण तुझं घर भरलेलं घर आहे. तिथे पूजा आहे, पाणी आहे, माणसं आहेत, वारा आहे, माया आहे. कागद तिथे टिकणार नाही. कलकत्त्याच्या बाईंच्या घरात कुणीच नाही, म्हणून तिथे टिकेल.

"ये वापस नहीं चाहिए आपको?" अनूने पुठ्ठ्याकडे पाहून विचारलं.

"नहीं बेटी. ये अब तुम्हारा है."

मग त्यांनी ट्रंकला कुलूप लावलं. हमाल आले, ती स्टेशनवर गेली. मागून टांगा आला. मिस हिल्डांना घेऊन तो वळणाआड गेला तरी अनू व्हरांड्यात होती. शेवटी माळ्याने फाटक लावायचं आहे म्हणून सांगितलं.

बड्या बाजारातून परतताना लालांनी हाक मारली, "बिटिया, छावनी से नया गट्ठा आया है. तेरी मेम के लिए किसी को छूने नहीं दिया." हिल्डांच्याच घरची शेवटची रद्दी असणार. अनू थांबली नाही.

घरी आत्या उंबऱ्यातच बसली होती. पावलांवरून तिने ओळखलं.

"काय म्हणाल्या मडम? आवडलं?"

आत्याचा चेहरा वर होता, अनूच्या चेहऱ्याच्या थोडा बाजूला, नजर अधू असलेल्या माणसांचा असतो तसा. मैद्याची खळ तिच्या एका नखात अजून वाळून बसली होती.

"हो," अनू म्हणाली. "आपल्यालाच ठेवायला दिलं."

"मी म्हटलं नव्हतं?" आत्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "गौर नाही म्हणत नाही. आणखी आहेत ना गं तुझ्याकडे, त्या पिशवीत? शुक्रवारी शकुंतलाबाईंकडे हळदीकुंकू आहे. त्यांचीही आरास मांडू आपण. खळ करते मी थोडी."

अनू आत गेली. पुठ्ठा तिने गौरीपुढे होता तिथे ठेवला. खुंटीवरची कापडी पिशवी काढली, रद्दीतून जमवलेली सगळी पानं स्वयंपाकघरात आत्यापुढे पसरली आणि तिच्या शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली. आत्याला चाचपत बसावं लागू नये म्हणून ती स्वतःच एकेक झगा कापू लागली, आणि कापता कापता त्याचे कानही कापत गेली.