यामिनीच्या तिसऱ्या मिनिटाला मी वाजले

मित्रांनो, टेबलावर ठेवून तळहाताने दाबायची असते ना, तसली एक जुनी पितळी घंटी आहे मी. माझा जन्म मुरादाबादचा, पण एकवीस वर्षं काढली ती रायपूरला, शंकर नगरातल्या रविवारच्या मराठी वर्गात. तिथे मला काम एकच. वर्षअखेरीस मुलं तोंडी परीक्षेला भाषण करतात. पाच मिनिटं झाली की मी वाजायचं, आणि मी वाजले की मुलाने तोंडातलं वाक्यही तिथेच सोडून खाली बसायचं. खोटं कशाला बोलू, मला त्या दराऱ्याचा गर्व होता. वर्ग चालवणाऱ्या विजयाताई परीक्षेच्या आदल्या दिवशी मला चिंचेने लख्ख घासायच्या आणि मी तोऱ्यात बसायचे.

तो तोरा आता उरला नाही. यंदाच्या परीक्षेत काय झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

विषय असा होता, की एका तत्त्वज्ञाचा विचार घ्यायचा आणि त्याच्या आधाराने आपलं म्हणणं ऐकणाऱ्यांना पटवून द्यायचं. नववीतल्या यामिनीने सॉक्रेटिस निवडला. ती भनपुरीहून दोन ऑटो बदलून यायची. तिच्या शाळेत मराठी नाही, बाबाही तिच्याशी हिंदीतच बोलतात. त्यांनी सांगून टाकलं होतं, यंदा चाळीसच्या खाली गुण आले तर हा वर्ग बंद.

"ताई, मले खूप भेव लागून राहिलं," ती सकाळी विजयाताईंना म्हणाली. "वर्ग सुटला तर आईशिवाय मी मराठी बोलू कोणाशी?"

"काही नाही होत, पोरी. तू फक्त बोलत राहा," ताई म्हणाल्या.

परीक्षक होते पुण्याहून आलेले भार्गव सर. यामिनी उभी राहिली आणि काय सुरेख बोलायला लागली! मुलांना प्रश्न विचारू द्या, हे तिचं म्हणणं. "आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, शाळेच्या फाटकासमोर ट्रक उभे असतात," ती म्हणाली. "ते तिथे का, असं मी विचारलं तर सगळे म्हणाले, चूप बस. सॉक्रेटिस मात्र चूप बसला नाही." मागे बसलेले पालक माना डोलावत होते. तिसरं मिनिट चालू होतं. आणि ती म्हणाली, "सॉक्रेटिसने आयुष्यभर सत्य समजून घेण्याची चेष्टा केली."

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठीत चेष्टा म्हणजे टिंगल. मागच्या रांगेत एकदम हशा पिकला. तो थांबवायला भार्गव सरांनी माझ्यावर हात मारला आणि मी खणखणीत वाजले.

यामिनीला माझ्या आवाजाचा एकच अर्थ ठाऊक होता. ती मटकन खाली बसली. मी तडफडले हो! अगं ऊठ, अजून दोन मिनिटं आहेत, असं मला ओरडायचं होतं. पण मला दुसरा आवाज काढताच येत नाही. सरांना वाटलं, तिचं भाषण संपलं. त्यांनी समारोपाला शून्य दिलं, 'तत्त्वज्ञाचा विचार' या रकान्यात लाल शाईने 'थट्टा' असं लिहिलं आणि बेरीज मांडली चौतीस.

मुलं गेल्यावर विजयाताई म्हणाल्या, "सर, इकडची पोरं प्रयत्नालाच चेष्टा म्हणतात. आणि ती थांबली ती घंटी ऐकून."

सरांनी गुणांचा कागद पुन्हा पुढे ओढला. "हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"कारण मीही हसत होते," ताई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरले.

सरांनी चौतीस खोडले. पुढच्या रविवारी तिचं भाषण ताईंनी पुन्हा ऐकावं आणि गुणही त्यांनीच द्यावेत, असं ठरलं.

यामिनी आली, सोबत तिची आई गोदावरी होती. ताईंनी मला उचलून कपाटात ठेवलं आणि तिचा हात हातात घेतला. "चुकलं आमचं, पोरी. आज कोणी नाही हसणार. बोल."

कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं. फटीतून मला दिसलं, यामिनीने ताईंच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. मग हळूच म्हणाली, "नहीं दीदी. मुझसे नहीं होगा."

"अवं, मराठीत बोल ना ताईसंग!" आई कळवळून म्हणाली.

"मम्मी, घर चलो."

तीन वर्षांत तिने विजयाताईंना कधी दीदी म्हटलं नव्हतं. ताई दारापर्यंत गेल्या, हाका मारल्या. ती परत आली नाही, नंतरच्या रविवारीही नाही.

मित्रांनो, कुणी धडपडत तुमची भाषा बोलत असेल तर त्याचं वाक्य पुरं होऊ द्या. चूक मागाहून सांगा, जवळ बसवून सांगा, पण हसू नका. आणि भनपुरीकडे कुणाला यामिनी भेटलीच, तर माझा एवढा निरोप द्या. तिला म्हणावं, मी हसणाऱ्यांना गप्प करायला वाजले होते गं, तुला नाही.